हसऱ्या फोटोत एक कान जास्त

अगं, ऐका तर! मधे बोलायचं नाही हं कुणी. सगळं सुरू झालं ना, ते लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात... आणि तेही काळ्या कापडावरून!

आपली सुकन्या. देगलूरची. लातूरला आरती मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात फोटो काढायचं काम करते. तिला पाहिजे होतं काळं कापड, पण कसं? तर कितीही उजेड मारला तरी चमकायचं नाही असं. दुकानदारानं तागे उलगडून उलगडून ढीग घातला. पण नुसतं कापड बघून काय कळणार? पुढं एखादा चेहरा नको? तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शेजारी एक उंच पोरगा इरकल साड्या बघत उभा होता. साडीचा काठ अंगठ्यानं असा चोळत होता, जसं काही हरभऱ्याचा दाणाच तपासतोय!

“ओ भाऊ, जरा असं सरकून उभं राहता का?”

“मी?”

“तुम्हीच. अन् हलू नका.”

दुकानदारानं मागं तागा धरला, हिनं मोबाईल वर केला... अन् बया! विहिरीतून बादली वर येताना पाण्यात एकदम आभाळ दिसतं ना, तसा त्या काळ्यातून तो चेहरा वर आला. भुवया दाट, कपाळ रुंद, डोळे असे, की आत कुणीतरी दिवा लावून ठेवलाय. हिचं बोट बटणावरच थांबलं.

“झालं का?” तो म्हणाला.

“न्हाई. हसा की जरा.”

त्यानं पटकन तोंडावर हात धरला. “हसायचं जमत न्हाई आपल्याला.”

“कापडाचे पैसे मागायले का मी तुम्हाला? नुसतं हसा म्हणलं.”

“माझा फोटो कामून पायजे पण?”

“तुमचा कुठं? कापडाचा काढायले.”

“मग मी कामून उभा हाय?”

ओठ गच्च मिटलेले, पण डोळे... डोळे मात्र नुसते खुदुखुदु हसत होते! सुकन्यानं कापड घेतलं, पिशवीत कोंबलं आणि निघाली. ना नाव विचारलं, ना गाव. चौकात आल्यावर स्वतःवरच चिडली म्हणे.

आणि दोनच दिवसांनी दवाखान्यात बघते तर काय — बाकड्यावर तोच! शेजारी नवीकोरी इरकल नेसलेली त्याची आई.

“भाऊ, तुम्ही?”

“भाऊ म्हणू नका,” तो हळूच म्हणाला. “अमरनाथ म्हणा. उदगीरचा हाय.” आणि लगेच हात तोंडावर.

त्याची आई म्हणजे बसम्मा मावशी. अशी बाई बघितली नसेल तुम्ही! अर्धं मराठी, अर्धं कानडी, आणि आवाज पार रस्त्यापलीकडच्या चहावाल्यापर्यंत.

“हा हसतच न्हाई बग पोरी! यंदा येळवसच्या सणाला समदं गणगोत शेतात, भज्जी खायलंय, आंबील प्यायलंय, फोटो काढले तर समद्यांचे दात दिसायलेत. अन् ह्यो एकटा तोंड मिटून! फोटो बगितला की वाटतंय, ह्याला कुणी वाढलंच न्हाई.”

“अव्वा, हळू...”

“कामून हळू? मोंढ्यात धान्याची आडत हाय आमची. गिऱ्हाईक म्हणतंय, शेठ रागावलंय का? रागावलं कुठलं! पोत्याची सुतळी दातानं तोडतंय ल्हानपणापासनं. समोरचे दात पार टवके उडून गेलेत. नोडु, डॉक्टर, नोडु!”

नोडु म्हणजे कानडीत बघा. आरती मॅडमनं बघितलं. खरंच, वरचे पुढचे दात कोपऱ्यांवर तुटलेले, मधे झिजून खाच पडलेली.

“दुकानात कात्री नाही का हो?”

“हाय की, मॅडम,” अमरनाथ म्हणाला, “पण ती सापडंपर्यंत पोतं कोण धरून बसणार?”

मॅडम हसल्या आणि सुकन्याला आत घेऊन गेल्या. आणि काय म्हणाल्या माहितीये? “नांदेडला आपला दुसरा दवाखाना सुरू होतोय. तिथले फोटो, तिथलं डिझाइन, सगळं एकाच माणसाकडे द्यायचंय. ही केस तू एकटीनं कर. फोटो तुझे, रेघा तुझ्या. जमलं तर नांदेडचा कॅमेरा तुझा. नाही जमलं, तर मी बाहेरून शिकलेला माणूस आणते, आणि तू पुन्हा बाहेरच्या टेबलावर पेशंटचे नंबर लाव.”

अगं, नांदेड म्हणजे तिच्यासाठी काय! तिथल्याच कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकली, आणि शिकून करणार काय म्हणून गावानं टोमणे मारले. आता त्याच नांदेडात स्वतःचा कॅमेरा!

आता सांगते, दातासाठी चेहऱ्याचा फोटो कशाला. मॅडम म्हणतात, दात तोंडात बसवायचे नसतात, चेहऱ्यात बसवायचे असतात. फोटो मोठ्या पडद्यावर घ्यायचा. दोन्ही बुबुळांमधून एक आडवी रेघ. दोन भुवयांच्या मधून, नाकावरून, हनुवटीवर एक उभी. मग खालच्या ओठाचा बाक बघायचा. माणूस हसला की त्या बाकावर वरच्या दातांच्या कडा कशा अलगद टेकायला पाहिजेत, तसे दात पडद्यावरच आखायचे. मग त्याचा साचा. आणि खऱ्या दाताला हात लावायच्या आधी दातासारख्याच रंगाचा लेप त्या साच्यानं तोंडात चढवून बघायचा. आवडलं तर पुढं, नाही आवडलं तर काढून टाकायचं. आहे की नाही जादू?

पण सगळं फोटोवर! चेहरा सरळ पाहिजे. मॅडमनं पहिल्या दिवशी शिकवलेलं: पेशंटचे कान बघ. दोन्ही कान सारखे दिसले की चेहरा सरळ. आणि पेशंट हसायला पाहिजे खरंखुरं, पोटातून. खोटं हसणाऱ्याचा ओठ वर जात नाही, मग दात किती दिसणार ते कळतच नाही.

तर अमरनाथ काळ्या कापडापुढं बसला. कॅमेरा स्टँडवर, रिमोट सुकन्याच्या हातात. ती नेहमी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहते. मागं उभं राहिलं की नुसतं कपाळ दिसतं आणि पेशंट बिचकतो, असं तिचं म्हणणं.

गंभीर फोटो झाले. गाल ओढायचे प्लास्टिकचे हुक लावून झाले. तेव्हा तो म्हणाला, “आता मी नेमका मोंढ्यातल्या बैलासारखा दिसत असंल.”

“बैल लई गुणी असतो. बोलत न्हाई.”

“आता हसा,” ती पुढं म्हणाली. “लेन्समध्ये बघून.”

त्यानं ‘ई’ केलं. मास्तरांनी उभं केल्यासारखं.

“हे हसणं हाय का दुखणं?”

“दोन्ही थोडं थोडं.”

बाहेरून बसम्मा मावशी ओरडली, “नगो अप्पा, नगो!” म्हणजे कानडीत हस बाबा, हस. तो आणखीच आखडला.

मग सुकन्यानं काय केलं, आपल्या घरची गोष्ट काढली. “आमच्या देगलूरला ना, बाबांनी मदनूरच्या बाजारातून म्हैस आणली. तिकडची, तेलंगणातली. अन् तिला मराठी येईना.”

“म्हशीला?”

“हाव! बाबा दावं धरून ‘चल गं, चल गं’ करायले, म्हैस ढिम्म. गोडीत सांगितलं, शिव्या घातल्या, ढिम्म. शेवटी शेजारची ल्हान पोरगी आली. नुसतं ‘रा’ म्हणली, म्हणजे तेलुगूत ‘ये’. अन् म्हैस निघाली डुलत डुलत! बाबा तिथंच उभे. म्हणले, इतकी वर्षं मी घरात मराठीत बोलायलो, माझंही कुणी ऐकत न्हाई, आता मीच तेलुगू शिकतो!”

आणि तो हसला...

अगं, हसला म्हणजे! आधी डोळे बारीक झाले, मग गाल वर गेले, मग ते तुटके-फुटके दात सगळे बाहेर. तोंडावर हात न्यायचंसुद्धा विसरला! सुकन्या बटण दाबतेय, दाबतेय, दाबतेय. तिला वाटलं, खोलीतला उजेड वाढलाय की काय. इतक्या जणांना हसवलं तिनं, पण असं कुणी हसलं की आपल्याच छातीत काहीतरी सुटतंय, हे पहिल्यांदा.

दुपारी ती एकटी पडद्यापुढं बसली. तो चेहरा भिंतीएवढा. डाव्या भुवईत तुरीच्या भुशाचा एक कण अडकलेला. एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित लहान, हसताना एक गाल जास्त फुगणारा. रोज चेहरे बघते ती, पण असा नाही. कुठलीच बाजू दुसऱ्यासारखी नाही, आणि तरी बघत राहावंसं वाटतं! हे कुणी बनवलं असेल? ती रेघा ओढत गेली, दात आखत गेली. त्याच्या ओठावर ते असे बसले, की तिला स्वतःचाच हेवा वाटला.

साचा तयार झाला, तशी मायलेकरं परत आली. ह्यावेळी मावशीनं डबाभर भज्जी, ती येळवसची शेंगा-पालेभाज्यांची, आणली होती. अमरनाथ खुर्चीत बसता बसता म्हणाला, “म्हशीची तब्येत कशी हाय?”

“बरी हाय. तुम्हाला विचारत होती.”

“कोणत्या भाषेत?”

“तुम्हाला कळणार न्हाई.”

“शिकीन की.”

सुकन्या लाल. मॅडम खोकल्या.

मॅडमनं साच्यात लेप भरला, दातांवर बसवला, घट्ट होईपर्यंत धरला, काढला. अमरनाथनं आरसा घेतला, हसला... आणि मावशी म्हणाली, “अय्यो! ह्याचं तोंड वाकडं कामून दिसायलंय?”

खरंच गं. दात एकेक देखणा. पण सगळं हसू उचलून कुणीतरी एका बाजूला सरकवून ठेवलेलं. दातांची मधली रेघ नाकाखाली येतच नव्हती.

मॅडमनं लेप काढला. त्याला बाहेर बसवलं. मग म्हणाल्या, “सुकन्या, चूक कुठं झाली ते शोध. मला कारण पाहिजे. कारण कळत नसेल, तर नांदेडला मी तुला कशी पाठवू?”

सुकन्यानं स्टँड तपासला, त्यावरच्या पातळी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा अगदी मधोमध. खुर्ची सरळ. रेघा पुन्हा ओढल्या, बरोबर. मग तिनं दोन फोटो शेजारी शेजारी घेतले, गंभीर आणि हसरा. आणि बघतच राहिली.

गंभीर फोटोत दोन्ही कान सारखे. हसऱ्या फोटोत एक कान जास्त. दुसरा नुसता कडेला, असून नसल्यासारखा.

डोकं वळलंय! सगळ्या हसऱ्या फोटोंत! पण लेन्सकडं बघायचं सोडून हा बघत कुठं होता?

तिनं डोळा मोठा केला. आणखी मोठा. आणखी... बुबुळ पडद्याएवढं झालं. त्या काळ्याभोर चकाकीत दिव्याची पांढरी खिडकी दिसत होती. आणि खिडकीच्या शेजारी, इवलीशी, एक बाई. गुलाबी ओढणी. एक हात वर. हातात रिमोट.

ती स्वतःच!

दुसरा फोटो उघडला. त्यातही ती. तिसऱ्यात ती. प्रत्येक हसण्यात, दोन्ही डोळ्यांत, दोन दोन सुकन्या. अगं, विचार करा ना! माणसाच्या डोळ्यात आपण मावतो, हे तिला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. कुणाच्या नजरेत आपण उभे आहोत आणि तेही अशा हसण्याच्या ऐन मधोमध...

आणि मग धसका बसला. मॅडमला कारण पाहिजे. कारण सांगायचं कसं? “मॅडम, पेशंट माझ्याकडं बघत होता”? बाहेर त्याची आई बसलेली! त्याला दवाखान्यात मान वर करायला जागा राहील का?

मॅडम आत आल्या. मागून मायलेकरंही.

सुकन्यानं पटकन फोटो बंद केला. “मॅडम... स्टँड हललं असंल. माझीच चूक.”

“बुडबुडा बघितलास?”

“...मधोमध हाय.”

“मग?”

मॅडमनं स्वतःच माऊस घेतला, हसरा फोटो उघडला. “कान बघ. डोकं चक्क वळलंय. अगं, तू रोज माझ्याआधी कान बघतेस. परवा दुसऱ्या एका पोराचे फोटो एका कानासाठी परत काढलेस. मग ह्याचेच कान कसे नाही बघितलेस?”

आता काय सांगणार? कानाकडं लक्ष कुठं होतं! सुकन्याची मान खाली गेली. मॅडम म्हणाल्या, “बरं. मग नांदेडला मी दुसरं—”

“मॅडम.” अमरनाथ होता. तोंडावर हात नव्हता. “चूक त्यांची न्हाई. त्या लाख वेळा म्हणल्या, लेन्समध्ये बघा. मीच... मी तिकडं बघत होतो.”

“तिकडं म्हणजे?”

“त्या उभ्या होत्या तिकडं.”

बसम्मा मावशी पदर सावरत पुढं झाली.

“कामून बघत होतास रे?” मावशी म्हणाली.

“अव्वा... हसायला येत होतं तिकडं बघितलं की. लेन्सकडं बघून येत न्हाई.” मग मॅडमकडं वळून, “आमचे दात ऱ्हाऊ द्या तसेच. पण त्यांचं नांदेड माझ्यापायी जाऊ नये.”

सुकन्याला मान वर करवेना. पण खोटं पुरतं उघडं पडलं होतं, मग अर्धवट कशाला ठेवायचं? ती म्हणाली, “त्यांची एकट्याची न्हाई, मॅडम. ते हसायले तेव्हा मी... मी कान बघितलेच न्हाईत.”

मावशीनं एकदा पोराकडं बघितलं, एकदा सुकन्याकडं. मग पदर तोंडाला लावून अशी हसली, की खांदे हलायला लागले. “डॉक्टरबाई,” ती म्हणाली, “नोडु, हितं फोटोची चूक न्हाई वो!”

मॅडमनं डोक्याला हात लावला. पण हसू लपेना. “कारण विचारलं होतं, मिळालं. असलं कारण मात्र माझ्या पुस्तकात नव्हतं. सुकन्या, कॅमेरा लाव. आणि बाजूला नाही, बरोब्बर लेन्सच्या मागं उभी राहा. डोकं वर काढून. बघू दे ह्याला कुठं बघायचं ते.”

परत काळं कापड. परत दिवे. सुकन्या लेन्सच्या मागं, टाचा उंचावून. काय बोलावं सुचेना. म्हशीची गोष्ट तर संपली होती. तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं तिच्याकडं... आणि तो परत हसला. न सांगता. सरळ समोर. दोन्ही कान, दोन्ही डोळे, दोन्ही गाल, सगळं कसं तिच्याकडंच येत होतं.

“दाब की गं बटण!” मॅडम ओरडल्या.

तेव्हा कुठं तिनं दाबलं.

पुढच्या खेपेला लेप चढवला, तेव्हा मॅडमच अवाक. मधली रेघ नाकावरून हनुवटीवर अशी उतरली, जशी धार पडावी. कडा ओठाच्या बाकावर टेकलेल्या. आणि गंमत म्हणजे तो चकाचक हिरो नाही दिसला, तोच दिसला, अमरनाथ! फक्त आता हसून झालं तरी हसू चेहऱ्यावर थोडं रेंगाळत होतं. मावशीनं त्याची हनुवटी धरून इकडं-तिकडं फिरवली, आणि एक शब्द बोलली नाही. बसम्मा मावशी गप्प! मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, “माझा अप्पा असा हसतंय, मला ठाऊकच नव्हतं.”

मॅडम म्हणाल्या, “पक्के दात करू या. आणि सुकन्या, नांदेडची तयारी कर.”

मॅडम आणि मावशी पुढच्या तारखा ठरवत बाहेर गेल्या. म्हणजे तारखा दवाखान्याच्याच हं... निदान सुरुवातीला तरी! मावशी लगेच देगलूरला घर कोणत्या गल्लीत, वडील काय करतात, हे विचारायला लागली होती.

आत दोघंच. ती वायर गुंडाळतेय, तो आरसा खाली ठेवतोय.

“नांदेडला जाणार तर,” तो म्हणाला.

“हाव.”

“नांदेडलाबी मोंढा हाय. तुरीचा भाव बघायला यावं लागंल.”

“भाव फोनवर कळत न्हाई का?”

“कळतंय. पण फोनवर बरोबर दिसत न्हाई.”

तिला हसू आलं. तिनं पटकन तोंड फिरवलं. तो पुढं आला, टेबलावरचा रिमोट उचलला. “सगळ्यांचे फोटो काढता. तुमचा कुणी काढलाय का?”

“माझा कशाला?”

“बसा तर.”

ती बसली. पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसली. आणि समोरचे दिवे लागले... अगं, तिला काही दिसेचना! भिंत गेली, पडदा गेला, कॅमेरासुद्धा त्या उजेडात बुडून गेला. इतके महिने ती लोकांना सांगत होती, इकडं बघा, तिकडं बघा, आणि तिला ठाऊकच नव्हतं की इथून दिसतं काय. उजेडाच्या कडेला एकच माणूस दिसत होता. रिमोट उलटा धरलेला, घाबरलेला, आणि तोंड भरून हसणारा.

“लेन्समध्ये बघा,” तो म्हणाला.

“न्हाई.”

“कामून?”

“तिकडं बघून काय करू?” सुकन्या म्हणाली, आणि बघत राहिली. “मला इकडंच बघायचंय. जन्मभर.”